जे ऐकू आलं ते सगळं

माझी नोकरी गेली त्या उन्हाळ्यात मी सुलेखाकाकूंबरोबर मॉलमध्ये चालायला लागले. इथे अॅरिझोनातल्या चँडलरमध्ये जूनपासून सप्टेंबरपर्यंत उन्हामुळे सकाळी सातलाही बाहेर चालवत नाही. मॉलमधली दुकानं दहाला उघडतात, पण मुख्य दारं सातलाच उघडी असतात आणि आत गार हवेत, बंद शटर्ससमोरून, निवृत्त माणसं झपझप फेऱ्या मारत असतात. त्यांच्यात मी एकटीच चाळिशीतली.

काकूंना मी तशी बारा वर्षं ओळखत होते, म्हणजे मंडळाच्या गणपतीत ताटांमागे उभ्या राहून वाढणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई म्हणून. त्यांचे यजमान सुमंतकाका खानझोडे मात्र सगळ्यांना माहीत. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत पंचवीस वर्षं काढलेले, मंडळाचे माजी अध्यक्ष, हातात माइक आला की लवकर न सोडणारे. काकू काय करतात असं कोणी विचारलंच तर उत्तर यायचं, "कॉलेजात काहीतरी टायपिंगचं आहे."

ते काय होतं हे मला त्या फेऱ्यांमध्ये थोडंथोडं कळत गेलं. त्यातली एक हकीकत मी इथे सांगते आहे. काकूंना विचारलं आहे आणि ज्याच्याबद्दल ती आहे त्यालाही ईमेलवर विचारलं आहे. त्याचं नाव मी बदललंय, त्याच्या प्रोफेसरबाईंचंही.

काकू मूळच्या वर्ध्याकडच्या. बारावीनंतर टायपिंग आणि शॉर्टहँडच्या सरकारी परीक्षा दिल्या आणि बाविसाव्या वर्षी एका तालुक्याच्या कोर्टात स्टेनो म्हणून लागल्या. साक्षीदार मराठीत, कधी वऱ्हाडीत, कधी रडत रडत बोलायचा. साहेब ते ऐकून घ्यायचे आणि त्यातलं कामाचं तेवढं सांगायचे, काकू ते टाइप करायच्या.

"माणूस दहा वाक्यं बोलायचा, साहेब तीन सांगायचे," काकू मला म्हणाल्या. "बाकीची सात कुठे गेली याचा मी कधी विचार केला नाही. माझं काम तीन वाक्यांचं."

शहाण्णव साली त्या चौतीस वर्षांच्या असताना काकांना इथली नोकरी मिळाली आणि सहा वर्षांच्या अनयाला घेऊन हे कुटुंब अॅरिझोनात आलं. काकूंच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. नऊ वर्षं त्यांनी घर सांभाळलं, अनयाला शाळेत सोडलं-आणलं, आणि कोणाला सांगितलं नाही, पण रोज अर्धा तास टीव्हीवरच्या बातम्या शॉर्टहँडमध्ये लिहून काढल्या, हाताची सवय मोडू नये म्हणून. ग्रीन कार्ड आल्यावर एका कम्युनिटी कॉलेजची जाहिरात दिसली. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्गातलं बोलणं तिथल्या तिथे टाइप करणारी व्यक्ती हवी होती. काकूंना आपल्या उच्चारांची धास्ती. अनया तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. ती म्हणाली, "आई, यू डोन्ट हॅव टू टॉक देअर. ॲट ऑल."

तेव्हापासून सतरा-अठरा वर्षं त्यांनी हे काम केलं. काकू वर्गात बाजूला लॅपटॉप घेऊन बसत आणि त्यांनी टाइप केलेलं त्या विद्यार्थ्याच्या समोरच्या पडद्यावर उमटत जाई. दोन अक्षरं मारली की यंत्र आख्खा शब्द मांडतं, त्यामुळे सराव असला की बोलण्याचा वेग गाठता येतो. अकाउंटिंग, नर्सिंगची शरीररचना, वेल्डिंग, घरखरेदीचे कायदे, काय काय त्यांच्या बोटांतून गेलं. "चाळीस तरी विषय झाले असतील," त्या म्हणाल्या. "एकही मला येत नाही. कानातून शिरायचं आणि बोटांतून निघून जायचं."

या कामाचे नियम त्यांच्या ऑफिसच्या प्रमुख डेनिस यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. वर्गात जे ऐकू येईल ते सगळं टाइप करायचं. शिकवणाऱ्याचा विनोद, मागच्या बाकावरची कुजबुज, दार आपटल्याचा आवाज, बाहेरून गेलेली ॲम्ब्युलन्स. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि वर्गातलं बाहेर बोलायचं नाही. डेनिस म्हणाल्या होत्या, "त्याला ऐकू येत असतं तर जे त्याच्या कानावर पडलं असतं ते त्याच्या मालकीचं आहे. त्यातलं काय ठेवायचं हे आपण ठरवायचं नाही."

काकू सतरा वर्षं हे तंतोतंत पाळत आल्या, आणि मग दोन हजार तेवीसच्या ऑगस्टमध्ये त्यांना एक नवा वर्ग मिळाला. आधुनिक पाश्चात्त्य संस्कृतीचा इतिहास, मंगळवार आणि गुरुवार. विद्यार्थ्याचं नाव रुबेन.

रुबेन सेहेचाळीस वर्षांचा होता. चौदा वर्षं त्यानं या भागातल्या घरांचे एसी दुरुस्त केले होते, हे त्यानं पहिल्या तासाला ओळख करून देताना सगळ्या वर्गाला सांगितलं होतं. जुलैत माळ्यावर एवढं तापमान असतं की स्क्रू ड्रायव्हर हातात धरवत नाही, तिथे तो पोटावर सरपटत काम करायचा. अडतिसाव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि आठवड्याभरात दोन्ही कानांचं ऐकू येणं गेलं. कानात यंत्र बसवायचा प्रयत्न झाला, तो फसला. खुणांची भाषा तो थोडी शिकला होता, पण वाचणं त्याला जास्त जमायचं. शाळेत इतिहास शिकवणारा शिक्षक व्हायचं असं त्यानं ठरवलं होतं, आणि बहिरा माणूस मुलांना कसा शिकवणार असं विचारणाऱ्यांना तो सांगायचा की बघू, शिकवून झाल्यावर सांगतो.

त्याला बोलता चांगलं येत होतं. फक्त स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्यानं बोलायचा, आणि सगळं एकाच सुरात. साधा प्रश्न विचारला तरी गच्चीवरून खाली हाक मारल्यासारखा वाटायचा.

प्रोफेसर हॅलरन सत्तरीला आलेल्या, हातात खडू घेऊन शिकवणाऱ्या बाई होत्या. येणाऱ्या आठवड्यातल्या नावांची यादी त्या काकूंना आधी पाठवायच्या. रोबेस्पिएर, मेटर्निख, बिस्मार्क. रविवारी दुपारी काकू ती नावं यंत्रात भरत बसायच्या आणि सुमंतकाका शेजारी येऊन त्यांचे उच्चार दुरुस्त करायचे, बहुतेक वेळा चुकीचे.

हा पहिला विषय, जो काकूंच्या बोटांतून निघून गेला नाही. त्याची सुरुवात दुसऱ्या आठवड्यात झाली. सतराशे पंचावन्न साली लिस्बन शहरात भूकंप झाला, तेव्हा सणाची सकाळ होती, लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमले होते आणि ती चर्च त्यांच्या अंगावर कोसळली. देव न्यायी असेल तर हे कसं झालं, असा प्रश्न मग युरोपातले विचारवंत उघडपणे लिहू लागले, असं हॅलरनबाई सांगत होत्या. टाइप करता करता काकूंना किल्लारी आठवलं. तिथेही आदल्या दिवशी गणपती पोचवून लोक झोपले होते.

"आपल्याकडेही विचारलंच असेल ना कोणीतरी, देवा हे काय केलंस म्हणून," काकू मला म्हणाल्या. "घराघरात विचारलं असेल. पण ते लिहून कोणी घेतलं?"

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी काकांना हे सांगितलं. काका म्हणाले, हो हो, युरोपचा इतिहास आम्हाला नववीला होता. काकूंनी तरीही पुढचे कितीतरी दिवस जेवताना सांगणं चालू ठेवलं. पावासाठी पॅरिसहून राजवाड्यापर्यंत पावसात चालत गेलेल्या बायका, उसाच्या मळ्यांतल्या गुलामांनी हैतीत केलेलं बंड. एकसष्टाव्या वर्षी आपण पहिल्यांदा काहीतरी शिकतो आहोत असं त्यांना वाटत होतं, आणि ते त्यांच्याशेजारी बसलेल्या त्या माणसामुळे वाटत होतं. कारण रुबेन प्रश्न विचारायचा. बाकी वर्ग एकोणीस-वीस वर्षांचा, अर्धा झोपलेला. हा हात वर करून बसलेला.

सप्टेंबरच्या शेवटी फ्रेंच राज्यक्रांतीचा भाग आला. मानवाच्या हक्कांचा जाहीरनामा फळ्यावर लिहून झाल्यावर रुबेननं विचारलं की, यात माणूस म्हणजे कोण हे कोणी ठरवलं? हॅलरनबाई खूश झाल्या. बायका त्यात नव्हत्या, गुलाम नव्हते, यावर त्या बराच वेळ बोलल्या. मग रुबेननं विचारलं, "आणि बहिरे?" बाईंनी सांगितलं की पॅरिसमध्ये तेव्हा बहिऱ्या मुलांची एक शाळा होती आणि क्रांतीच्या सरकारनं ती चालवायची जबाबदारी घेतली. ही मुलंही नागरिक आहेत, असं तेव्हा म्हटलं गेलं. रुबेननं ते वहीत उतरवून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. काकूंना तिरक्या नजरेनं दिसलं की तो स्वतःशीच हसतो आहे.

तेवढ्यात मागच्या रांगेतला टोपी घातलेला एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, "या एसीवाल्याचा आवाज कमी करा रे. थर्मोस्टॅटचं बटण कुठे आहे याचं?" आणि मग त्यानं "आणि बहिरे?" हा प्रश्न रुबेनच्या सपाट, मोठ्या सुरात पुन्हा म्हणून दाखवला. चार-पाच जण हसले. हॅलरनबाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही.

काकूंची बोटं थांबली.

"नियम माहीत होता मला," त्या म्हणाल्या. आम्ही तेव्हा मॉलच्या वरच्या मजल्यावर बंद दागिन्यांच्या दुकानासमोर उभ्या होतो; चालता चालता त्या थांबल्या होत्या. "पण तो इतका खूश होता गं त्या दिवशी. मनात म्हटलं, हे कशाला वाचायला लावू? मी आई आहे ना. पोरांची असली बोलणी आपण गाळतोच की."

रुबेननं मान वळवून हसणारे चेहरे पाहिले. मग पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर बाईंचं शेवटचं वाक्य होतं, त्याखाली काही नव्हतं. त्यानं काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर कीबोर्डावरून उचलली नाही. तास संपल्यावर त्यानं विचारलं की सगळे का हसले, आणि काकूंनी टाइप केलं, नीट ऐकू आलं नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत असं आणखी तीनदा झालं. रुबेननं मँचेस्टरच्या गिरण्यांतल्या मुलांबद्दल विचारलं तेव्हा एकदा, लंडनच्या कॉलऱ्याच्या वेळी एकदा, आणि एकदा तर तो नुसता खोकला तेव्हा. तिन्ही वेळा काकूंनी गाळलं. त्यांच्या लक्षात आलं की रुबेन आता हात वर करत नाही. त्यांना वाटलं, दमला असेल. वर्गाखेरीज तो एका गोदामातही काम करत होता.

ऑक्टोबरच्या मध्यावर ऑफिसकडून दोन ओळींचा ईमेल आला. विद्यार्थी हा विषय सोडतो आहे, तुमचे मंगळवार-गुरुवार मोकळे झाले.

काकूंनी तो ईमेल गाडीत बसून वाचला. कॉलेजच्या पार्किंगमध्ये एसी चालू ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. त्यांनी रुबेनच्या जागेवरून ते दिवस मनात पाहिले. आपण प्रश्न विचारतो. बाई उत्तर देतात. मागे लोक हसतात. पडद्यावर हसण्याचं काही कारण नाही. चारदा असं झालं की माणूस काय समजेल? आपला प्रश्नच हसण्यासारखा होता, हेच समजेल. वीस वर्षांच्या मुलांना जे येतं ते आपल्याला येत नाही, आपण उगाच शिक्षक व्हायला निघालो, असं समजेल.

त्यांनी रुबेनला निरोप पाठवला की पाच मिनिटं भेटा. गुरुवारी लायब्ररीत कोपऱ्यातल्या टेबलाशी तो आला. काकूंनी लॅपटॉप दोघांमध्ये ठेवला आणि ती चारही वाक्यं टाइप केली. तारीख, त्याआधी रुबेननं विचारलेला प्रश्न, मग मागून आलेलं वाक्य, किती जण हसले. स्टेनोची स्मरणशक्ती, एक शब्द इकडचा तिकडे नाही. शेवटी लिहिलं: मला हे ऐकू आलं होतं. मी गाळलं. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोलले.

रुबेननं वाचलं. पुन्हा वर जाऊन वाचलं. मग तो बोलला आणि आख्ख्या लायब्ररीनं माना वळवल्या.

"मी चौदा वर्षं माळ्यांवर कामगारांबरोबर काम केलंय. यापेक्षा वाईट रोज ऐकलंय आणि रोज उत्तर दिलंय. ही पोरं मला काय करणार होती? मला वाटलं मी मूर्ख आहे. तीन आठवडे मला वाटतंय मी मूर्ख आहे."

काकूंनी टाइप केलं की त्यांना त्याला त्रास होऊ द्यायचा नव्हता.

"तो त्रास माझा होता," रुबेन म्हणाला. "तुमचा नव्हता."

तो उठला आणि गेला. काकू तिथेच बसल्या. ग्रंथपालबाई येऊन विचारून गेल्या की सगळं ठीक आहे ना. काकूंनी हो म्हटलं आणि तिथून तडक डेनिसच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं.

डेनिस चिडल्या नाहीत, पण सोडलंही नाही. सतरा वर्षांतली पहिली लेखी ताकीद काकूंच्या फाइलला लागली. रुबेननं ऑफिसला कळवलं की विषय सोडत नाही, मात्र टाइप करायला दुसरं कोणीतरी द्या. त्याच्या टेबलावर मायक्रोफोन ठेवला गेला आणि दुसऱ्या राज्यातून कोणीतरी घरी बसून ऐकून टाइप करू लागलं.

घरी काकांना कळलं तेव्हा ते उसळले. तू त्याचं भलं केलंस आणि त्याला त्याची काही किंमत नाही, असं म्हणाले. काकू एरवी काकांना उलट बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "अहो, चूक माझी आहे. यात माझी बाजू घेऊ नका." काका उठले. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी स्वतः चहा केला. तो त्यांना येत नाही, पण काकूंनी प्यायला.

पुढचे तीन आठवडे काकूंना फार जड गेले. त्यांना कोर्ट आठवायचं. एकदा एक बाई साक्ष देताना मध्येच थांबून म्हणाली होती, साहेब, हे पण लिहा ना. साहेबांनी लिहून घ्यायला सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं काकूंना ती बाई आठवली नव्हती, ती आता आठवू लागली. काय लिहा म्हणत होती, तेवढं मात्र काही केल्या आठवेना.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डेनिसनी त्यांना बोलावलं. रुबेनचा ईमेल आला होता. लांबून टाइप करणाऱ्याला एकही नाव नीट येत नव्हतं, बिस्मार्कचं रोज काहीतरी नवीन होत होतं. आणि टेबलावरच्या मायक्रोफोनला मागच्या रांगेतलं ऐकूच जात नव्हतं. रुबेनला पुन्हा काकू हव्या होत्या. अट एकच, आणि ती त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिली होती. सगळं टाइप करायचं.

काकू परत गेल्या त्या दिवशी रुबेननं त्यांना मान हलवून ओळख दिली, एवढंच. पहिलं महायुद्ध संपून गेलं होतं. हॅलरनबाई जर्मनीतल्या महागाईबद्दल सांगत होत्या, पाव आणायला पैशांची ढकलगाडी न्यावी लागायची ते. रुबेननं हात वर केला आणि विचारलं की, ज्यांनी आयुष्यभर पै पै साठवली त्यांनी मग कोणावर राग काढला? बाईंनी खडू खाली ठेवला आणि त्या उत्तर देणार तेवढ्यात मागून तोच मुलगा म्हणाला, "थर्मोस्टॅट परत चालू झाला वाटतं."

या वेळी काकू थांबल्या नाहीत. त्यांनी टाइप केलं. मागच्या रांगेतला विद्यार्थी म्हणतो: थर्मोस्टॅट परत चालू झाला वाटतं. दोन जण हसतात.

रुबेननं वाचलं. खुर्ची सरकवून तो पूर्ण मागे वळला.

"थर्मोस्टॅट भिंतीवर असतो," तो त्याच्या त्या गच्चीवरून हाक मारल्यासारख्या आवाजात म्हणाला. "मी इथे बसलोय. काही म्हणायचं असेल तर मला म्हण. ती टाइप करेल, मी उत्तर देईन."

हॅलरनबाईंनी विचारलं की काय झालं. रुबेननं आपला पडदा उचलून त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग त्या वर्गाला म्हणाल्या की या खोलीत बोललेलं लिहून घेतलं जातं हे मीही विसरले होते, आणि आणखी काही गोष्टी ज्या मला ऐकू यायला हव्या होत्या त्या आल्या नाहीत असं दिसतंय. त्या मुलाला त्यांनी तास संपल्यावर थांबायला सांगितलं, आणि रुबेनच्या प्रश्नाकडे वळल्या. वीस मिनिटं त्या एका प्रश्नावर बोलल्या.

मुलानं माफी वगैरे मागितली नाही. पुढच्या तासापासून तो दाराजवळ बसू लागला, बस्स. बाहेर पडताना रुबेन काकूंना म्हणाला, "जोक बरा असता तर मीही हसलो असतो." काकू नुसत्या हसल्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शेवटून दुसऱ्या तासाला, वसाहती संपल्या तो भाग आला. सगळं जग पंचाहत्तर मिनिटांत बसवायचं होतं, त्यात भारताच्या वाट्याला दहा आली. हॅलरनबाई म्हणाल्या, "एकोणीसशे सत्तेचाळीस साली ब्रिटननं भारताला स्वातंत्र्य देऊन टाकलं."

काकूंचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत, वर्ध्याकडच्या आष्टीला लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले त्यानंतर, पकडले गेले होते आणि अकरा महिने तुरुंगात होते. परत आले तेव्हा आजीनं त्यांना आधी ओळखलं नव्हतं, असं घरात सांगत. काकूंनी टाइप केलं, देऊन टाकलं. जसं ऐकू आलं तसं. आणि पुढे गेल्या.

तास संपल्यावर रुबेन उठला नाही. पडद्यावर बोट ठेवून त्यानं विचारलं की इथे तुम्ही का थांबलात.

म्हणजे त्या थांबल्या होत्या. त्यांना स्वतःला कळलं नव्हतं, पण तीन महिने जो माणूस त्यांच्या बोटांकडून ऐकत होता त्याला कळलं होतं. काकूंनी टाइप केलं की माझं मत सांगणं माझ्या कामात बसत नाही.

रुबेन म्हणाला, "वर्ग संपलाय."

वर्ग खरंच रिकामा झाला होता. काकूंनी दाराकडे एकदा पाहिलं आणि लिहायला लागल्या. आजोबांचं लिहिलं, आजीचं लिहिलं, आष्टीत काय झालं ते लहानपणी ऐकलं होतं तेवढं लिहिलं. सतरा वर्षांत त्या यंत्रावर त्यांनी स्वतःचं असं काही लिहिण्याची ती पहिली वेळ. "ते बी नीट जमेना," त्या मला म्हणाल्या. "दुसऱ्याचं बोलणं भराभर येतं. स्वतःचं वाक्य सुचायलाच वेळ लागतो, बाप्पा."

शेवटच्या तासाला रुबेननं हात वर केला आणि विचारलं की भारताला स्वातंत्र्य दिलं, की द्यावं लागलं? हॅलरनबाईंनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या की मागच्या तासाला मी वापरलेला शब्द बरोबर नव्हता. युद्धानंतर थकलेलं ब्रिटन, लाखो लोक तुरुंगात गेले ते, बंगालचा दुष्काळ, नाविकांचं बंड, असं त्या आणखी दहा मिनिटं बोलल्या आणि परीक्षेच्या सूचनांना वेळ कमी पडला. काकूंनी सगळं टाइप केलं. या वेळी त्या कुठे थांबल्या का हे त्यांनी रुबेनला विचारलं नाही.

रुबेनला त्या विषयात बी ग्रेड मिळाली. परीक्षेत त्याची वर्षांची गल्लत झाली होती. काकूंनी आणखी एक सत्र काम केलं आणि मे महिन्यात निवृत्त झाल्या. ऑफिसनं केक आणला होता. फाइलमधली ताकीद काढून टाकू का असं डेनिसनी विचारलं, तर काकू म्हणाल्या की असू द्या, ती खरी आहे.

हे सगळं माझं ऐकून झालं तोवर सप्टेंबर आला होता. मला जवळच्या टेम्पी शहरात नवीन नोकरी लागली आणि सकाळच्या फेऱ्या बंद झाल्या. तरी शनिवारी मी कधीतरी काकूंकडे जाते. लायब्ररीतून जाड जाड पुस्तकं आणून त्या वाचत बसलेल्या असतात. सध्या हैतीवरचं चालू आहे. काका समोर बसून विचारतात, "मग, काय म्हणतायत तुझे गुलाम?" आणि काकू त्यांना पानं उलटून सांगतात, अगदी पहिल्यापासून.

गेल्या जानेवारीत रुबेनचा ईमेल आला. तो आता एका शाळेत आठवीच्या वर्गावर शिकाऊ शिक्षक म्हणून उमेदवारी करतो आहे, शेजारी टाइप करणारा एक तरुण असतो. या वर्गात कुजबुजलेलंही सरांना वाचायला मिळतं हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळलं, त्यामुळे आख्ख्या शाळेत सगळ्यात शांत वर्ग त्याचा आहे, असं त्यानं लिहिलं होतं. औद्योगिक क्रांती शिकवायला घेतली आहे. गिरणीतल्या मुलांची वयं सांगितल्यावर एक मुलगी रडली, तेव्हा काय करायचं असतं ते त्याला कळलं नाही.

काकूंनी उत्तर लिहायला दोन दिवस घेतले. त्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. त्याबरोबर त्यांनी बेसनाचे लाडू डब्यात घालून पोस्टानं पाठवले होते. पोचेपर्यंत सगळ्यांचा चुरा झाला. चमच्यानं खाल्ले, छान होते, असं रुबेननं कळवलं.